चौकाची पाटी



व्याख्यानाचा विषय काय, असे चिटणीसांनी दूरध्वनीवर विचारले तेव्हा मी म्हणालो, "चौकाची पाटी." पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही. मग ते म्हणाले, "सर, ही साहित्याची व्याख्यानमाला आहे." मी म्हणालो, "म्हणूनच." आपल्या भाषेत सगळ्यांत जास्त वाचला जाणारा मजकूर कुठला, तर पाट्यांवरचा. कादंबरीची एक आवृत्ती खपायला वर्षे लागतात. चौकातली पाटी रोज शेकडो माणसांच्या नजरेखालून जाते आणि ती कुणी लिहिली हे कुणालाच ठाऊक नसते. अशी एक पाटी मी लिहिली. ती चुकली आणि पुन्हा लिहावी लागली. त्या चुकीची हकीकत आणि त्या निमित्ताने जे शोधले, वाचले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

बेळगावच्या आमच्या उपनगरात तीन गल्ल्या जिथे मिळतात त्या जागेला सगळे गिरणीचा चौक म्हणायचे. पिठाची गिरणी बंद पडून कितीतरी वर्षे झाली होती, पण नाव चालूच होते. त्या चौकाजवळच्या एका गवंड्याचा मुलगा फौजेत गेला. बेळगावात याचे अप्रूप नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र इथलेच. पहाटे कॅम्पातून धावत जाणारी रंगरुटांची रांग पाहत आमच्या पिढ्या मोठ्या झाल्या. हा मुलगा माझ्या वर्गात होता. गणितात बेताचा, खो-खोत चपळ. पंचविशीच्या आत उत्तरेच्या सीमेवर तो गेला. तिरंग्यात लपेटलेली पेटी आली त्या दिवशी तिन्ही गल्ल्यांत कुणाच्या घरी चूल पेटली नाही.

त्याचे नाव मी इथे घेणार नाही. बोलण्याआधी त्याच्या आईला विचारून आलो आहे. ती म्हणाली, "हकीकत सांगा गुर्जी. नाव चौकात हाय की. ज्याला पाहिजे त्यानं तिथं जाऊन वाचावं." मला हे पटले.

बाराव्या दिवसापर्यंत चौकात त्याच्या छबीचे मोठमोठे फलक होते. प्रत्येक फलकाच्या खालच्या अंगाला तो लावणाऱ्यांच्या छब्या होत्या. तेराव्याला कुणीतरी म्हणाले, चौकाला त्याचे नाव देऊ या. सगळे एका आवाजात हो म्हणाले. त्यानंतर कितीतरी महिने आमचे एकमत म्हणून कशावर झाले नाही.

पहिला वाद झाला लिपीचा. आपण सीमाभागातले लोक. पाटीवर कुठली भाषा वर आणि कुठली खाली, हा प्रश्न आपल्याकडे रंगाऱ्याने सोडवायचा नसतो. सीमाप्रश्नावर माझे मत काय आहे ते या सभागृहात सर्वांना माहीत आहे आणि ते बदललेले नाही. पण त्या वादात आम्ही आठ महिने घालवले आणि त्या आठ महिन्यांत त्या मुलाविषयी कुणी एक वाक्य बोलले नाही, ही गोष्ट मला आजही लाज आणते. वाद मिटला तो असा. गोकाक बाजूचा एक जवान सुटीवर आला होता. त्याच पलटणीतला, त्याच तुकडीतला. तो मुलाच्या घरी गेला. त्याला मराठी फौजेत शिकला तेवढीच, आणि आईला कानडी बांधकामावर मजुरी करताना कानावर पडलेली. दोघे दीड तास बोलत बसले. त्या दिवशी नेमके काय झाले, कुणाला काय लागले, खांद्यावर कुणी घेतले, हे त्या आईला पहिल्यांदा कळले ते कानडीतून. दुसऱ्या दिवशी ती समितीच्या बैठकीत येऊन दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "दोन्ही लिवा. ज्यानं त्याला उचललं त्याला पण वाचता यायला पाहिजे." दोन्ही भाषा शेजारी-शेजारी, एका उंचीच्या अक्षरांत कोरायच्या असे ठरले. पाटी बनवणारा म्हणाला, "एवढंच होतं होय?"

मग अर्ज, हरकती, ठराव हे सगळे रीतसर झाले. मजकूर लिहायचे काम मराठीचा शिक्षक म्हणून माझ्याकडे आले. मी चौदा ओळी लिहिल्या. समितीने त्यातल्या दहा ठेवल्या आणि खाली उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, स्वागतोत्सुक अशी अकरा नावे घातली. मी हरकत घेतली नाही. असेच असते, म्हणून मान डोलावली. थाटात समारंभ झाला, पडदा सरकला, बँड वाजला. मंडळी पांगल्यावर त्याची आई दगडाजवळ गेली. तिला वाचता येत नाही. तिने बोटाने ओळी मोजल्या आणि मला विचारले, "गुर्जी, एवढी सगळी गेली व्हय?"

मला आधी कळलेच नाही. मग समजले. दगडावर ज्याचे नाव कोरतात तो गेलेला माणूस असतो, असा तिचा साधा समज होता. बारा नावे कोरलेली होती, म्हणजे बारा जण पडले असणार. तिचा समज बरोबर होता आणि आमचा दगड चुकीचा होता. तिला उत्तर द्यायला मला शब्द सापडले नाहीत. घरी येऊन मी जेवलो नाही.

त्यानंतर मी एका गोष्टीच्या मागे लागलो: आपल्या माणसांनी आजवर पडलेल्यांची आठवण दगडावर कशी ठेवली?

आपल्यातल्या प्रत्येकाने वीरगळ पाहिलेली आहे, निदान गावच्या देवळाबाहेर तिच्यावर बसून चप्पल तरी काढली आहे. हा शब्दच आपल्या दोन भाषांचा मिळून आहे. कानडीत 'कल्लु' म्हणजे दगड, वीराचा दगड तो 'वीरगल्लु', त्याची मराठीत वीरगळ झाली. बहुतेक वीरगळींची मांडणी ठरलेली. सर्वांत खालच्या चौकटीत झुंज आणि पडलेला वीर. त्याच्या वर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा. त्याच्या वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर. माथ्यावर कलश, आणि चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर ही आठवण राहो. खालच्या चौकटीत कितीदा तरी गाई दिसतात. हा माणूस राजाच्या मोहिमेत गेलेला नव्हता; गावची गुरे कुणी वळवून नेत होते, त्यांना सोडवताना गावाच्या शिवेवर पडला. मुंबईजवळ एकसरला आणि गोव्यात सापडलेल्या काही वीरगळींवर जहाजांच्या लढाया कोरल्या आहेत. गुजरातेत सौराष्ट्र-कच्छकडे अशाच दगडांना पाळिया म्हणतात. बडोद्याच्या मंडळींना ते ठाऊक असेल.

पण एक फरक माझ्या मनात रुतून बसला. कर्नाटकातल्या अनेक वीरगळींवर लेख आहेत: कोण, कुणाचा मुलगा, कुठे पडला. कर्नाटकातल्या आतकूरच्या दहाव्या शतकातल्या शिलालेखात तर रानडुकराशी झुंजून मेलेल्या एका शिकारी कुत्र्याचे नावसुद्धा राहिले आहे: काळी. महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळी मात्र अक्षरांवाचून आहेत. चित्र चोख, नाव नाही. कोरणाऱ्याला वाटले असेल, गावात कोण विसरणार? चार-सहा पिढ्यांत गाव विसरले. मग कुणी शेंदूर लावला आणि वीराचा देव झाला. कुणी कपडे धुवायला दगड नदीवर नेला. दोन्ही वेळा माणूस गेला तो गेलाच.

हीच चूक पुढे इंग्रज सरकारने वेगळ्या तऱ्हेने केली. पहिल्या महायुद्धानंतर आपल्या मुलखातल्या पुष्कळ गावांत संगमरवरी फलक बसवले गेले. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला इतके गेले, त्यांपैकी इतके मेले, एवढाच मजकूर. आकडा आहे, नावे नाहीत. हिशेबनीसाने लिहावे तसे ते लिहिले आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाचे तर नावच अपशिंगे मिलिटरी झाले. त्या महायुद्धात एकट्या या गावाचे ४६ जण कामी आले. गावाने आपल्या नावातच त्यांना सामावून घेतले. पत्र टाकताना, एस.टी.चे तिकीट मागताना, लग्नपत्रिकेवर, त्या गावाचा माणूस दिवसातून चारदा त्या ४६ जणांची आठवण उच्चारतो, कळत किंवा नकळत.

नावाचे सामर्थ्य असे वापरात असते. १६६० च्या जुलैमध्ये विशाळगडाच्या वाटेवर बाजीप्रभू आणि बांदलांचे मावळे जिथे लढत पडले ती घोडखिंड. तिला पावनखिंड म्हणावे असा कुणी ठराव केला नव्हता. लोक म्हणत गेले आणि घोडखिंड नकाशावरून गेली. सिंहगडाची गोष्ट याहून मौजेची. गड आला पण सिंह गेला, म्हणून कोंढाण्याचा सिंहगड झाला असे आपण शाळेत शिकलो. इतिहासाचे अभ्यासक सांगतात की तानाजी पडले १६७० मध्ये, आणि सिंहगड हे नाव त्याआधीच्या पत्रांतही सापडते. म्हणजे नाव आधीचे, माणूस नंतरचा. तरीही साडेतीनशे वर्षे लोकांनी ते नाव त्या माणसाला देऊन टाकले आहे. कागद खरा, आणि लोकांचे देणेही खरे.

याच्या उलट उदाहरण दिल्लीतले, आणि त्याचा धागा हैदराबादेशी जोडलेला आहे. तीन मूर्ती हे नाव आपण सगळ्यांनी पंडित नेहरूंच्या निवासस्थानामुळे ऐकले. त्या तीन मूर्ती कुणाच्या, हे किती जणांनी विचारले? हैदराबाद, जोधपूर आणि म्हैसूर या संस्थानांच्या घोडदळांच्या स्मरणार्थ उभे केलेले ते तीन सैनिक आहेत. याच घोडदळांची ब्रिगेड पहिल्या महायुद्धात पॅलेस्टाइनमध्ये लढली. तिच्यातल्या स्वारांनी २३ सप्टेंबर १९१८ ला हैफा शहर घेतले. २०१८ मध्ये त्या चौकाचे नाव तीन मूर्ती हैफा चौक झाले. मूर्ती भर चौकात, दिवसरात्र वाहतूक तिच्याभोवती फिरते, आणि तरी जवळजवळ शंभर वर्षे बहुतेकांना त्यांची ओळख नव्हती. मूर्ती आहे, नावही आहे, पण नावात माणूस नाही, म्हणून असे झाले.

आता एका परक्या गावाची गोष्ट सांगतो, कारण माझी चूक मला नीट कळली ती त्या गावामुळे. इटलीत पेरुजा प्रांतात मोन्तोने नावाचे छोटे गाव आहे. रायगड जिल्ह्याच्या माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीतले, १० जुलै १९४४ ला त्या भागात टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढत होते. त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि घाडग्यांखेरीज सगळे मेले किंवा जखमी झाले. ते एकटे पुढे धावले. हातबाँब टाकून मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही संपवले, टॉमीगनने आणखी एकाला मारले, आणि काडतुसांची मॅगझीन बदलायला वेळ नव्हता तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिच्या दांड्याने लोळवले. लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागून त्यांनी जिंकलेल्या मोर्चातच प्राण सोडला. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचे थडगे नाही; कॅसिनोच्या स्मारकावर नाव आहे. त्या इटलीच्या मोहिमेत पन्नास हजारांहून अधिक हिंदी सैनिक लढले आणि ५,७८२ परत आले नाहीत.

माणगावात घाडग्यांचा पुतळा आहे, ते स्वाभाविकच. पण २०२३ च्या जुलैमध्ये, म्हणजे जवळजवळ ऐंशी वर्षांनी, मोन्तोनेच्या गावकऱ्यांनी आणि तिथल्या लष्करी इतिहासाच्या अभ्यासकांनी त्यांच्या नावाचे स्मारक उभारले. त्यांनी पुतळा केला नाही. सूर्याची सावली पाहून वेळ सांगणारे सावलीचे घड्याळ केले. त्यावर लॅटिनमध्ये जे ब्रीद आहे त्याचा अर्थ, आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो.

या गोष्टीने मी पुष्कळ दिवस अस्वस्थ होतो. ज्या गावाला या माणसाचे नाव धड उच्चारताही येत नसेल, ज्याची भाषा, देव, जेवण काहीच त्यांचे नाही, त्या गावाने त्याच्या नावाची वस्तू अशी निवडली की तिच्याकडे माणसाने रोज बघावे. वेळ बघायला आला की नाव वाचणारच. आपल्या वीरगळीवरचा सूर्य तिथे खरोखरीचा होऊन आला आहे असे मला वाटले. आणि आम्ही, ज्यांच्या वर्गात तो मुलगा बसला, त्यांनी त्याच्या दगडावर आपली अकरा नावे कोरली होती.

मी समितीपुढे गेलो आणि पाटी बदलायची मागणी केली. काही जण रागावले, ते साहजिक होते. शेवटी एक निवृत्त सुभेदार माझ्या बाजूने उभे राहिले. पण त्यांनी आधी माझाच हिशेब केला. माझ्या त्या दहा ओळी समोर ठेवून त्यांनी विचारले, "सर, यातली विशेषणे काढली तर काय राहते?" मी लाल पेन्सिल घेतली. शूर, धीरोदात्त, तेजस्वी, अमर काढत गेलो. शेवटी नाव राहिले आणि 'देशासाठी' हा शब्द राहिला. पलटण मी लिहिलीच नव्हती. जागा लिहिली नव्हती. जन्माचे साल लिहिले नव्हते. पस्तीस वर्षे मुलांना निबंध शिकवून मी माझ्याच विद्यार्थ्याचा निबंध असा लिहिला होता.

मग शब्दांवर बसलो. शहीद म्हणावे, तर तो अरबीतून आलेला शब्द, मुळात अर्थ साक्षीदार. आता आपल्या तोंडी पूर्ण रुळलेला. हुतात्मा म्हणावे, तर ज्याने स्वतःची आहुती दिली तो. आणि बेळगावात हा शब्द १७ जानेवारीच्या हुतात्म्यांशी बांधलेला आहे. धारातीर्थी पडला, हा आपला फार जुना आणि सुंदर प्रयोग. धार म्हणजे शस्त्राची धार, तेच तीर्थ. आणि बखरींत, जुन्या पत्रांत येतो तो सगळ्यांत साधा शब्द: कामी आला. सुभेदार म्हणाले, "हाच घ्या. फौजेत आम्ही काम म्हणूनच जातो." आईला विचारले. ती म्हणाली, "कामी आला, हे मला कळतंय."

नव्या दगडावर आता पाच ओळी आहेत, मराठीत पाच आणि शेजारी कानडीत पाच. नाव. जन्मसाल आणि आमची गल्ली. पलटण. कुठे आणि कोणत्या तारखेला कामी आला. आणि शेवटी आईबापांची नावे, कारण गवंड्याने आयुष्यभर दुसऱ्यांची घरे बांधली आणि त्याचे नाव कुठल्याच भिंतीवर नव्हते. दगड त्यानेच बसवला. ओळंबा लावून, दोनदा पाणी मारून. उद्घाटन केले नाही.

हे व्याख्यान छापून गोव्यात, बडोद्यात, इंदुरात, ग्वाल्हेरात, हैदराबादेत आपल्या घरांत जाईल. त्या घरांना माझी विनंती आहे. आपण पिढ्यान् पिढ्या जिथे राहिलो त्या गावांचे ऋण पाट्यांवरूनही दिसायला हवे. आपल्या पेठेत, वसाहतीत, देवळाजवळ कुणा सैनिकाच्या नावाचा चौक असेल तर एकदा थांबून वाचा. नाव आहे का, की फक्त आडनाव आणि 'चौक' उरले आहे? पलटण आहे का, तारीख आहे का? त्या माणसाला ओळखणारे कुणी अजून हयात असेल तर मंडळाच्या वहीत त्याची हकीकत उतरवून घ्या. गोव्याच्या मुक्तीच्या वेळी, १९६१ च्या डिसेंबरात, अंजदीव बेटावर नौदलाचे सात जण कामी आले. त्यांचे स्मारक आहे; त्यांच्याविषयी मराठीत आपण किती लिहिले? स्मारक दगडाचे असते, पण ते जिवंत ठेवायला हकीकत लागते, आणि ते काम साहित्य मंडळाचे आहे. कारवारला किनाऱ्यावर परमवीर चक्राचे मानकरी रामा राघोबा राणे यांचा पुतळा आहे. तिथे मुलांना घेऊन गेलात तर आधी फोटो काढू देऊ नका. आधी राजौरीच्या वाटेवरचे सुरुंग त्यांनी कसे काढले ते सांगा.

आणि नवी पाटी लावणार असाल तर त्या आईचा प्रश्न आठवा. दगडावर ज्यांची नावे कोरणार आहात, ती सगळी गेलेली आहेत का?

शेवटी आमच्या चौकाचे सांगतो. रिक्षावाले अजून गिरणीचा चौकच म्हणतात. म्हणू देत, गिरणीनेही लोकांना पीठ दिले आहे. पण शाळेतली मुले आता तिथे खो-खो खेळायला जमतात आणि एकमेकांना त्या मुलाच्या नावाने बोलावतात. पूर्ण नाव नाही, हुद्दा नाही, चौक हा शब्दही नाही. नुसते पहिले नाव, तेही अर्धे करून. मला ते खटकले. मी त्याच्या आईकडे जाऊन म्हणालो, मुलांना समजावून सांगू का, नीट पूर्ण नाव घ्या म्हणून? ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "नको गुर्जी. मी पण त्याला तसंच हाक मारायची."